उतू गेलेल्या दुधाचा डाग

सुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेंदाईच्या आमच्या प्रयोगशाळेत होते. त्यांची मुलगी मैथिली नेहमीप्रमाणे जपानीतच बोलली. मी मराठीत रडले. त्याला आता दीड महिना झाला. या काळात निदान दहा जणांनी मला ऐकवलं की शेवटचे महिने सुधाताईंनी आराम करायला हवा होता. मला राग येतो... ज्यांना आराम हवा त्यांनी खुशाल करावा.

पोस्टडॉक म्हणून इथे आले तेव्हा या ज्येष्ठ संशोधक बाईंनी मला कचरा वेगळा करण्यापासून सगळं शिकवलं. टेकडीवरचं त्यांचं जुनं घर कुणा प्राध्यापकाने हौसेने पाश्चात्त्य थाटात बांधलेलं, दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस. बडा घर पोकळ वासा! लाकडं कितीही जाळा, ऊब धुराड्यातून आभाळाला आणि आपण स्वेटरमध्ये. गेल्या सप्टेंबरात डॉक्टर ‘हा हिवाळा...’ एवढंच बोलून थांबले. पुण्याच्या नातेवाइकांनी परत या म्हणून धोशा लावला. सुधाताईंनी त्याच आठवड्यात माकी स्टोव्ह, म्हणजे लाकडावर चालणारा ओतीव लोखंडाचा बंद स्टोव्ह, मागवला. तो फायरप्लेसच्या कोनाड्यात मावेना. मैथिली तोक्योहून धावत आली. भिंत कशाला फोडतेस, गरम हवेचा दुसरा एसी लाव म्हणाली. तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “मला ऊब नकोय गं, मला विस्तव हवाय.”

गवंडी इशिइ-सान सत्तरीचे. आयुष्य मोजमापात गेलेल्या सुधाताईंनी स्टोव्हच्या रुंदीइतक्या खडूच्या रेघा भिंतीवर आधीच मारून ठेवल्या होत्या. इशिइ-साननी दोन्ही बाजूंना आपला तळवा आडवा धरून दाखवला: तापलेल्या लोखंडाला एवढी तरी मोकळी जागा लागते. सुधाताई स्वतःलाच हसल्या आणि रेघा पुसल्या. मग इशिइ-साननी वर नवी लोखंडी तुळई बसवली, भिंतीचा भार तिच्यावर घेतला आणि खालच्या विटा एकेक करून काढल्या. चार दिवस सुधाताई डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क लावून त्या धुरळ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी आत जा म्हटलं की ऐकूच आलं नाही असं दाखवायच्या.

स्टोव्ह बसला. पहिले दोन-तीन विस्तव अगदी लहान ठेवा, नव्या लोखंडाला हळूहळू तापू द्या, असं बजावून इशिइ-सान हत्यारं गाडीत ठेवायला गेले. आम्ही माना डोलावल्या. त्यांची पाठ वळताच सुधाताईंनी दुधाचं पातेलं काढलं. नव्या चुलीवर दूध उतू जायलाच हवं! पण तेवढ्याशा जाळावर ते उकळेना, म्हणून आम्ही दोघी, दोन पीएचड्या, लाकडं सारत राहिलो. शेवटी दूध वर आलं आणि स्टोव्हच्या सगळ्या माथ्यावरून ओघळत चर्रकन जळलं. वासाने इशिइ-सान बूट न काढताच आत धावले. लोखंड तडकलं असतं, आणि हा डाग साधा पुसून जायचा नाही, असं ते हळूच म्हणाले. सुधाताईंनी कमरेत वाकून माफी मागितली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “उतू गेलं ना? झालं तर मग.”

डॉक्टरांचा तो हिवाळा त्यांनी साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुलून गळेपर्यंत ताणला. रोज त्या विस्तवासमोर बसल्या, स्वतः लाकूड सारलं, फोनवर पुण्याच्या लोकांशी भांडल्या. आराम म्हणे!

गेल्या आठवड्यात इशिइ-सान धुराडं साफ करायला आले. सोबत तारेचा ब्रश आणि काळा रंग होता. डाग घासून स्टोव्ह नव्यासारखा करून देतो म्हणाले. मी तोंड उघडणार तोच मैथिलीने त्या डागावर तळवा ठेवला आणि मराठीचा गंध नसलेल्या त्या म्हाताऱ्याला मराठीत सांगितलं, “नाही. तो राहणार.” त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, रंगाच्या डब्याचं झाकण बंद केलं आणि धुराड्याच्या कामाला लागले.

ते गेल्यावर तिने नोव्हेंबरसाठी लाकडं मागवली. मग मला विचारलं, पहिल्या दिवशी पातेल्यात दूध किती घ्यायचं असतं?

काठोकाठ, मी म्हटलं.