सतरावा आठवडा

हॉस्पिटलच्या गेटवर माझ्यावर फवारा मारला. द्राक्षबागेवर औषध मारतात त्या पंपानं. डोकं, साडी, हातातली पिशवी, सगळं भिजलं. मी पोटावर हात धरून उभी राहिले. माझ्या पुढून एक गाडी आत गेली. तिच्यावर कुणी काही मारलं नाही.

सांगलीतली गोष्ट. करोनाचं पहिलं वर्ष, सगळं बंद.

आम्ही आटपाडीकडचे मेंढरंवाले. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन नदीकाठी उतरतो. त्या साली कुंडलजवळ तळ होता, तिथंच अडकलो. मला आत्याच्या मुलाला दिलेलं. आत्याच सासू. आमच्यात असंच देतात, लेक परक्या घरी जायला नको म्हणून. मला कुणी विचारलं नव्हतं. थोरल्या लेकीला थॅलेसेमिया निघाला. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवायचं, तेव्हा ती जगते. तेव्हाच हॉस्पिटलात बजावलं होतं, तुम्हा नवरा-बायको दोघांच्याही रक्तात दोष आहे, पुढच्या खेपेला तिसऱ्या महिन्यात या, पोटातल्या बाळाची तपासणी करता येते.

दुसऱ्यांदा दिवस गेले, तशी मी तिसऱ्या महिन्यातच निघाले. पोलिसांनी नाक्यावरून दोनदा माघारी फिरवलं. कशीबशी पोचले तर म्हणाले, आधी करोनाचा रिपोर्ट आणा. त्यात चार दिवस गेले. मग डॉक्टरांनी पाळीची तारीख विचारली आणि हसले. आमच्या बायका पाळी चुकली की तिथून महिने मोजतात. डॉक्टर त्याच्या आधीच्या पाळीपासून मोजतात. माझे तीन, त्यांचे चार. सतरावा आठवडा चालू होता. हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

आता पोटातलं पाणी सुईनं काढून तपासावं लागेल, डॉक्टर म्हणाले. पण ते पुण्याला पाठवावं लागतं, आणि कुरिअर बंद. रिपोर्ट येईस्तोवर वीस आठवडे उलटतील, मग कायद्यानं गर्भ पाडता येत नाही.

शेजारी त्या गाडीतली बाई बसली होती. तिचीही तपासणी होती. तिच्या पोटातल्या पाण्याची नळी बर्फाच्या डब्यात घालून, पास काढून, तिच्याच गाडीनं पुण्याला निघाली होती. तीही घाबरलेली होती बिचारी.

मी म्हटलं, "डॉक्टर, माजीबी नळी त्याच डब्यात घाला की. कोपऱ्यात बसंल."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "घरातल्या घरात लग्नं लावता, मेंढरांसारखी पोरं काढता, आणि मग तपासण्या मागता. जा आता."

त्या बाईनं मान खाली घातली. मीही घातली. त्याची लाज मला अजून वाटते.

मुलगा झाला. सहाव्या महिन्यात पांढराफटक पडला. आता दोघांना एकाच दिवशी रक्त चढतं, शेजारशेजारच्या खाटांवर. पोरगा सुई टोचताना रडत नाही. माझ्याकडं बघत राहतो. लोक म्हणतात, तपासणी झाली असती तर सुटली असतीस. सुटले असते म्हणजे काय? तो नसता. हे त्याला कोणत्या तोंडानं सांगू? जीव आहे तो माझा. त्याचा राग नाही मला. राग आहे तो त्या दिवसाचा. कळायचा हक्क माझा होता. एका नळीएवढी जागा मला कुणी दिली नाही.

यंदा परत दिवस गेले. पाळी चुकली त्याच आठवड्यात मी त्याच डॉक्टरांपुढं गेले.

"परत?" ते म्हणाले. बसायला सांगितलं नाही. मी खुर्ची ओढली आणि बसले. तपासणीची तारीख मागितली. ते म्हणाले, गर्दी आहे, पुढच्या महिन्यात बघू.

"मग न्हाई म्हणून लिवून द्या," मी म्हटलं. "सही-शिक्क्यासकट. त्यो कागद घिऊन कुटं जायाचं ते मी बघती. आन माज्या लग्नाचं तुमी काय बोलायचं न्हाई."

त्यांनी पेन उचललं, परत ठेवलं. मी उठले नाही. मग त्यांनी तारीख लिहिली.

सुईची भीती वाटते. रिपोर्टाची त्याहून जास्त. दोष निघाला तर काय करायचं, ते आज मला ठाऊक नाही. पण यावेळी आधी मला कळणार. मग काय करायचं ते डॉक्टर ठरवणार नाहीत. आत्या ठरवणार नाही. मी ठरवणार.