नदीपलीकडची वाडी

ज्यांचं नावही कधी विचारलं नाही, त्यांच्यावर लिहायला बसलोय, माफ करा. घरातला कॉलेजात जाणारा मी पहिलाच; असं लिहायची सवय नाही.

हॅम्बर्गमधल्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या मेन्झात, म्हणजे कँटीनमध्ये, ते जेवण वाढतात. मूळचे फिलिपिन्सच्या एका लहान तालुक्यातले. बटाट्याचे डोंगर रचून त्यांमधून ते सॉसची नदी सोडतात. "अलीकडे मेयरचं ऑफिस, पलीकडे आमची वाडी. गेनाऊ! अगदी अस्संच! आणि पूल नाही."

वाडीच्या प्रमुखपदाला त्यांची बहीण उभी होती, पुलासाठीच. यांचंही नाव तिथल्या मतदारयादीत होतं, विमानाचं तिकीटही काढलेलं. पण मेन्झात सोबत काम करणाऱ्या बाईंचं मूल आजारी पडलं आणि यांनी आपली रजा त्यांना देऊन टाकली.

"आणि तुमचं मत?" मी विचारलं.

"एका मतानं काय अडतंय, पोरा? पुढे सरक, रांग थांबलीय."

हे बरोबर की चूक, मला कळेना. अजूनही कळत नाही.

सोमवारी मात्र रांग थांबवून त्यांनीच मला सांगितलं. बहिणीचा फोन आला होता. दोन्ही उमेदवारांना सारखीच मतं पडली, म्हणून तिथल्या कायद्याप्रमाणे चिठ्ठी काढली. चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाची निघाली.