राशीला बॉल लागता कामा नये

देशाच्या महिला फुटसाल संघाची मी प्रशिक्षक आहे असं सांगितलं की पोशीरमध्ये, आमच्या गावात, अजूनही विचारतात, "म्हंजे फुटबॉलच ना गं?" पूर्वी चिडायचे. आता सांगते, फुटबॉलच, पण छोट्या जागेत, टणक जमिनीवर, पाच-पाच जणींत, आणि बॉल असा की फारसा उसळत नाही. एवढं ऐकून कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हंजे तू खळ्यात खेळायचीस तसा." अगदी तसाच.

शाळेचं मैदान मुलांनी अडवलेलं असायचं. भांडून पाहिलं, मारामारीही केली. मग मी आणि चुलत बहिणी आमच्या खळ्यात खेळू लागलो. भाताच्या झोडणीसाठी चोपून, शेणाने सारवलेली ती गुळगुळीत जमीन. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, दोन अटी होत्या. खळ्यात चप्पल घालायची नाही, आणि राशीला बॉल लागता कामा नये. रास म्हणजे झोडलेल्या भाताचा मधोमध लावलेला ढीग. घरचा कर्ता पुरुष नारळ फोडून पूजा करेपर्यंत ती आमच्याकडे देवासारखी. बॉल लागला तर आबा ओरडत नसत. बॉल उचलून माळ्यावर टाकत, आणि तो रास उचलल्यावरच खाली येई. त्या धाकाने बॉल आमच्या तळपायाखालून सुटेनासा झाला. पुढे मोठ्या प्रशिक्षणाला गेले, तेव्हा तळपायाने बॉल ताब्यात ठेवणं हा या खेळाचा पाया, असं शिकवलं. मला हसू आवरेना.

आबांना मात्र माझं काम कधी काम वाटलंच नाही. चौक गावाला हायवेवर ढाब्यामागे टर्फचं मैदान झालं, तिथे मी मुलींना शिकवायला लागले, तर म्हणाले, "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस." राज्याचा संघ हातात आला तेव्हा नुसतं "बरं" म्हणाले. राष्ट्रीय संघ मिळाला तेव्हा विचारलं, "किती दिस?" लागलं मला ते, कारण खरं होतं. नेमणूक एका दौऱ्यापुरतीच होती. हरून आलो असतो तर माझ्या जागी दुसरं कोणी.

शिबिर मुंबईत होतं. मुली मणिपूरच्या, केरळच्या, गोव्याच्या, सगळ्या मोठ्या मैदानावर वाढलेल्या. समोरची अंगावर आली की बॉल उंच मारून मोकळ्या. माझा आवाज मुळात मोठा, तोही ओरडून बसला. शेवटी एका रविवारी सगळ्यांना गाडीत घातलं आणि पोशीरला आणलं.

झोडणी नुकती झाली होती. रास उभी होती. आबांना म्हटलं, "थोडा वेळ खळं द्या."

त्यांनी मुलींच्या पायांकडे पाहिलं. "बूट काढा म्हनावं. आन् राशीला लागला तर बॉल माळ्यावर."

मी हिंदीत सांगितलं तर मुली हसल्या. पहिला बॉल माळ्यावर गेला तेव्हाही हसल्या. चौथा गेला तेव्हा पाय जपून टाकू लागल्या. संध्याकाळी पिशवीत एकच बॉल उरला होता आणि तो जमीन सोडत नव्हता. बाकीचे आबांनी काही दिले नाहीत. संघाचे बॉल कुठे गेले याबद्दल वरच्या मंडळींना मी काय सांगितलं ते विचारू नका.

दौऱ्यात पहिला सामना हरलो, दुसरा जिंकलो. तिसऱ्यात आम्ही एका गोलने पुढे होतो आणि शेवटची दोनेक मिनिटं उरली होती. समोरच्या मुली तुटून पडल्या. आमच्या एकीने बॉल उंच मारायला पाय मागे घेतला, तेवढ्यात बाकावरून मणिपूरची राखीव खेळाडू ओरडली, "रास." पाय थांबला. तळवा बॉलवर आला. मग या पायाखालून त्या पायाखाली असा तो बॉल शिट्टी होईपर्यंत आमच्याकडेच राहिला. मला त्या मुलींचा अभिमान वाटला, आणि माझा स्वतःचाही. उगाच विनय कशाला दाखवू?

नेमणूक पुढे चालू राहील असं परत निघण्याआधीच कळलं.

घरी आले तर खळ्यात ताडपत्रीखाली रास तशीच होती. गावात बाकी सगळ्यांचं भात केव्हाच घरात गेलं होतं. आई वैतागली होती. "आभाळ आलं तरी उचलू देईनात. म्हनं, ती येऊ दे."

आबांनी ताडपत्री काढली, राशीला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ माझ्या हातात दिला. आमच्या घरात राशीचा नारळ बाईने फोडलेला मी कधी पाहिला नव्हता. आईनेही पाहिला नसावा. नारळ एका फटक्यात फुटला.

मग रास उचलली. आबा माळ्यावर चढले आणि संघाचा एकेक बॉल खाली टाकू लागले. मी तळपायाने अडवत होते. शेवटचा टाकताना ते वरूनच म्हणाले, "पुढल्या साली कवा आनतेस पोरींना? खळं जरा मोठं करून ठेवतो."