कन्सोलवाले दादा

"पोचला का?"

एंटर दाबल्या दाबल्या दादा विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता खुर्चीतून उठायचे. दोन पावलं खिडकीपर्यंत, दोन परत. मग पुन्हा, "बग ना बाय, पोचला का?"

अहो, मी काय बघणार? मी नवीन पनवेलच्या त्या केबल-इंटरनेटच्या ऑफिसात तक्रारींचे फोन घेणारी. दादांचं टेबल माझ्या शेजारी. सर्व्हर जुन्या पनवेलात, एका इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत. त्यावर आमच्या गिऱ्हाइकांसाठी बंदुकांचा एक गेम चालायचा आणि तो सांभाळायचं काम मालकांनी दादांच्या गळ्यात मारलं होतं. इथून कॉम्प्युटरवरच्या कन्सोल नावाच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, की तिकडे गेमचा नकाशा बदलायचा, वेळ वाढायची, दांडगाई करणारा बाहेर फेकला जायचा. कधीकधी ओळ वाटेतच हरवायची. म्हणून ही सगळी येरझार.

तुमच्याही ऑफिसात असा एक असेल, ज्याला एका जागी बसवतच नाही. आमचे दादा गव्हाणचे, पन्नाशीला आलेले. चहासुद्धा उभ्यानं प्यायचे. गेम मात्र जन्मात एकदाही खेळले नाहीत. "मना नाय जमत ती मारामारी. आमी निसता हुकूम देतो," म्हणायचे, तेही एका बोटानं टाइप करत.

दुपारी चारच्या सुमाराला त्यांची चुळबुळ फारच वाढायची. दर मिनिटाला आत कोण कोण खेळतंय याची यादी मागवायचे. एक दिवस पुटपुटले, "आयली."

"कोण?"

"कोन नाय."

मी मान लांब करून बघितलं. यादीत एक नाव होतं, निवटी.

मला लगेच कळलं. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला तो मासा, धरला की हातातून निसटणारा. दादांची मुलगी लहानपणी अंघोळीला धरलं की तशीच पळायची, म्हणून त्यांनीच हे नाव ठेवलेलं. कॉलेजात असताना ती बसची वाट बघत आमच्या ऑफिसात थांबायची आणि माझ्याच कॉम्प्युटरवर या नावानं खेळायची. पुढे तिनं परजातीतल्या मुलाशी लग्न केलं, खारघरला बेलपाड्यात भाड्यानं राहायला गेली. दादा भावकीच्या देखत बोलून बसले, "माज्या उंबऱ्याला पाय लावायचा नाय." त्याला दोन वर्षं झाली होती. बायको चोरून लेकीला भेटून यायची, आणि दादा आपल्याला काही ठाऊकच नाही असं दाखवायचे.

पण ती खेळत असली की गेम संपू द्यायचे नाहीत. वेळ संपत आली की वाढव. तिच्या आवडीचा वाळवंटाचा नकाशा रोज लाव. बाकीची पोरं मला फोन करून बोंबलायची, "मॅडम, रोज तेच वाळवंट काय?" मी सांगायची, टेक्निकल प्रॉब्लेम आहे.

"दादा, तिला एक ओळ लिहा की," एकदा मी म्हटलं. "इथून लिहिता येतं ना?"

"ती सगल्यांना दिसते. सोला पोरांच्या देखत लिवू?"

"नको ते बोललात तेव्हा भावकी चालली. आता कसली लाज?"

त्या दिवशी चहासुद्धा माझ्याकडे पाठ करून प्यायले. मीही वळून बघितलं नाही, मला त्यांचा खरंच राग आला होता.

मग एका शनिवारी माझ्या टेबलावर अर्ज आला. बेलपाड्याचं कनेक्शन उद्यापासून बंद करा, आम्ही बंगळूरला चाललो. खाली जावयाची सही. अर्धा तास तो कागद मी दाबून ठेवला, शेवटी दादांपुढे सरकवला. त्यांनी वाचला, घडी केली, उघडला, परत घडी केली. दुपारभर नुसते खिडकी ते दार, दार ते खिडकी.

चार वाजता निवटी आली. दादा बसले.

"बाय, तू गेममधी जा. मना इथून लिवता येतंय, पन ती काय बोलते ते दिसत नाय."

मी गेममध्ये शिरले आणि मिनिटभरात तीनदा मेले. तोवर दादांनी सुरुवात केली होती. यादीतल्या एकेकाला बाहेर. कोणी परत येऊ नये म्हणून पासवर्डचं कुलूप. फोन खणखणायला लागले. "मॅडम, मला का काढलं?" मी म्हटलं, "सगळ्यांनाच काढतायत, तुम्ही एकटे नाही."

"जावय पन गेला," दादा म्हणाले. तोही खेळतो हे मला तेव्हाच कळलं.

उरलो दोघी. मी एका कोपऱ्यात बंदूक धरून उभी, आणि निवटी त्या रिकाम्या वाळवंटात माणसं शोधत धावतेय. तिनं लिहिलं, 'काय झालं? सर्व्हर बंद पडला का?' मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

दादांनी लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.

"लवकर, दादा."

"काय लिवू?"

"काहीही लिहा हो."

एंटर वाजला. माझ्या पडद्यावर ओळ आली, 'बाय, मी बाबा.' पण तिच्या वरची ओळ सांगत होती की निवटी गेममधून बाहेर पडली. माझ्याच्यानं खोटं बोलवेना. "गेली, दादा. ओळ यायच्या आधीच गेली."

या वेळी ते उठले नाहीत. बसूनच राहिले आणि त्या बसण्याचीच मला भीती वाटली. मग एकदम अर्ज उचलला, त्यावरचा पत्ता बघितला, "कुलूप काढ," म्हणाले आणि निघाले. खाली गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं.

आयुष्यातली पहिली कमांड मी दिली ती कुलूप काढायची. पोरं शिव्या घालत परत आली. मी तशीच आत थांबले, का ते मलाही सांगता येणार नाही. अर्ध्या तासानं निवटी आली.

'ऑफिसातलं कोणी आहे का?'

'मी आहे,' मी लिहिलं.

'बाबांना फोन करा. आमच्या दारासमोर कधीचे फेऱ्या मारतायत. बेल वाजवत नाहीत. मी दार उघडलं आणि ते निघून गेले तर?'

हे सगळ्यांनी वाचलं. गोळीबार थांबला. कोणीतरी लिहिलं, 'मॅडम, करा ना फोन.'

मी केला. "दादा, ती खिडकीतून बघतेय तुम्हाला. बेल वाजवा."

त्यांच्या चपलांची फटफट थांबली. मग, "तिनं सांगितला?"

"तिनंच. सगळ्यांच्या देखत."

"बरा," म्हणाले. फोन बंद करायचं भान त्यांना राहिलं नाही, म्हणून बेल मलाही ऐकू आली. मग मीच फोन ठेवला.

दादा त्या दिवशी ऑफिसला परतले नाहीत. सहा वाजता निघताना मी गेममध्ये एकदा डोकावले. निवटीचा शिपाई वाळवंटाच्या मधोमध तसाच उभा होता, चालवणारं कोणी नव्हतं. पोरं त्याला वळसा घालून खेळत होती. कोणीही त्याला गोळी मारत नव्हतं.