उस्तादांचा स्कोप

भुजंग तोंडाचा फटकळ. रखमाजी उस्तादांनी दुकान बंद केलं, तेव्हा मस्तगडमध्ये ज्याला त्याला सांगत सुटला, "म्हाताऱ्याचं डोकं चालंना आता." रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती त्याला शिकवली होती याच उस्तादांनी.

दोघांकडे एकाच बनावटीचे जुने ऑसिलोस्कोप होते. पडद्यावरची रेघ बघायची आणि बिघाड हुडकायचा. उस्तादांचं दुकान बंद व्हायच्या थोडं आधी भुजंगच्या स्कोपचा ट्रान्सफॉर्मर जळाला, तेव्हा उस्तादांनीच दुसरा आणून दिला. म्हणाले, "हैदराबादहून मागवला."

सत्त्याण्णव साली तोही जळाला. उस्ताद तोवर वारले होते. भुजंगनं हैदराबाद, औरंगाबाद सगळं पालथं घातलं, पण तसला ट्रान्सफॉर्मर मिळेना. शेवटी तो उस्तादांच्या बायकोकडे, झुंबरकाकूंकडे गेला.

"काकू, माझा स्कोप पुन्हा जळालाय. उस्तादांचा पडूनच हाये ना?"

"घेऊन जा बाबा. मला काय करायचा?"

त्यानं तिथंच झाकण उघडलं. ट्रान्सफॉर्मरची जागा रिकामी होती. कापलेल्या वायरींच्या टोकांना चिकटपट्टी नीट गुंडाळलेली होती.

"जुळंल ना रे?" काकूंनी विचारलं. "तुझा पहिल्यांदा जळाल्ता ना, तवापासून त्यांनी हा चालूच केला न्हाई. दसऱ्याला हळदकुंकू तेवढं वाहायचे."