बदरुद्दीनची काचांची गाडी

जुन्नरच्या बदरुद्दीनची बैलगाडी लांबूनच ओळखू यायची, कारण तिच्यामागं कायम दुसऱ्या गाड्या तुंबलेल्या असत. कंदिलाच्या काचा, तसबिरींच्या काचा, बरण्या असा माल पेंढ्यात रचून तो नारायणगाव, मंचर, पेठच्या बाजारांना न्यायचा. बैल पळवायचे नाहीत, कुणाला गाडीत घ्यायचं नाही. आधी लोक हात करायचे, मग तेही थांबलं. बायको जैबुन्निसा वारलेली, मूलबाळ नव्हतं. बाजारात भावापुरतं बोलणं व्हायचं, वाटेत तेवढंही नाही.

चोपन्नच्या उन्हाळ्यात नारायणगावच्या पुढं एक तरणी बाई अनवाणी चाललेली दिसली. तिनं हात केला.

"पोरी, गाडीत काच हाय. बसता येनार न्हाई."

"काच मलाबी हाय, चाचा," ती म्हणाली. "सासूचा."

बदरुद्दीननं कासरा ओढला. पेंढा सारून बरण्यांची पेटी कडेला लोटली, तिला बसवलं आणि आपण बैलांच्या बाजूनं चालू लागला.

तिचं नाव सारजा. निमगाव सावा सासर, अवसरी माहेर. मनगटावर डागल्याची खूण होती. त्यानं विचारलं नाही. ती माहेरच्या म्हशीबद्दल बोलत राहिली, भावाबद्दल बोलली. मग तोही बोलला. जैबुन्निसा त्याला कशी रागवायची ते सांगताना हसला. मध्येच मागं काहीतरी तडकलं.

"फुटलं का वो काई?"

"फुटू दे."

अवसरीच्या फाट्यावर ती उतरली.

"भाऊ घेईल न्हवं घरात?"

"घेईल की, चाचा."

ती दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. पुढचा रस्ता त्याला लई लांब वाटला. आजवर तसा कधी वाटला नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर नारायणगावच्या बाजारात सारजा समोर आली, सासूच्या मागं. भावानं तिला परत पोचवलं होतं, हे विचारायची गरज नव्हती. सासूनं कंदिलाची काच मागितली. सारजानं क्षणभर वर पाहिलं, मग परक्यासारखी मान खाली घातली. बदरुद्दीन समजला. ओळख दाखवली असती, तर घरी तिचीच चौकशी झाली असती. त्यानंही परक्यासारखा भाव सांगितला, काच दुप्पट पेंढ्यात गुंडाळली.

"जपून, बाई," तो सासूला म्हणाला. "नाजूक हाय."

"कळतं आमाला."

काच छातीशी धरून सारजा गर्दीत गेली.

"वळखीची व्हती का रं?" शेजारच्या भांडेवाल्या गेणभाऊनं विचारलं.

"न्हाई, गिऱ्हाईक," बदरुद्दीन म्हणाला आणि गाडीतला पेंढा सारखा करत बसला.