वायरमनची बायको

वादळाने आमच्या खांब गावातले विजेचे पोल आडवे केले आणि लोकांनी आमचं घर म्हणजे वीज कचेरीच समजायला सुरुवात केली. माझा नवरा ठेकेदाराकडे वायरमन. तो उजाडायच्या आत कामावर जायचा, आणि सकाळी उंबऱ्यावर चार माणसं उभी.

"नवरा कुठं हाय? लाईट कधी येणार?"

मला काय ठाऊक? पंप बंद, म्हणून मीही त्यांच्यासारखीच हातपंपाच्या रांगेत. नवव्या दिवशी रांगेतच शेजारीण म्हणाली, "तुला काय गो, तुझ्या घरात गुपचूप जोडली असंल." मी तिचा हात धरला, घरात आणली आणि एकेक बटण दाबून दाखवलं. काहीच लागलं नाही. ती हंडा उचलून गेली. चुकलं म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंची औषधं आणायला रोह्याला निघाले. गावाबाहेर मुंबईच्या एका माणसाचा बंगला आहे. मालक वर्षातून दोनदा येतो. भर दुपारी त्याच्या कुंपणावरचे सगळे दिवे जळत होते. मी रिक्षा थांबवली. वॉचमन म्हणाला, "परवाच आली लाईट. तुमच्याच घरवाल्यानं जोडली ना."

संध्याकाळी नवरा ओट्यावर बूट काढत होता. मी विचारलं.

"कचेरीतल्या सायबांचा फोन आलेला. आधी ती लाईन कर म्हणले. नाय म्हटलं असतं तर उद्या दुसरा माणूस घेतला असता."

"आणि मी रोज लोकांचं ऐकतेय ते?"

"मग काय करू? तूच सांग."

मी भाताचं ताट त्याच्यापुढे आदळलं आणि आत गेले.

सकाळी पुन्हा माणसं आली. या वेळी मी काही लपवलं नाही. बंगल्याचं सांगितलं, जोडणी कुणी केली तेही सांगितलं, आणि म्हटलं, "माझ्या दारात उभं राहून काय होणार? चला रोह्याला, वीज कचेरीत." आम्ही अकरा बायका गेलो. शेजारीणही आली.

कचेरीत इन्व्हर्टरवर पंखा फिरत होता. साहेब म्हणाले, "मॅडम, कामाचा एक क्रम असतो."

"रिकाम्या बंगल्याचा नंबर पहिला कसा लागला?" मी विचारलं. त्यांनी फोन उचलला आणि कुणाशी तरी बोलत बाहेर गेले. आम्ही हललो नाही. तीनच्या सुमाराला ते परत आले आणि उद्या गाडी पाठवतो म्हणाले.

गाडी खरंच आली. दोन दिवसांत गावात लाईट आली. ठेकेदाराने मात्र नवऱ्याला निरोप धाडला, आधी बायकोला आवर, मग कामावर ये. तो दीड महिना घरी बसला. ज्यांच्या घरात पंखे फिरत होते, त्यांच्यातलं कोणी विचारायला आलं नाही. शेजारीण तर म्हणाली, "उगाच बोललीस गो सायबाला."

नवरा मला एकदाही 'का गेलीस' म्हणाला नाही. दीड महिन्यात एकदाही नाही. भांडला असता तर निदान मी काहीतरी बोलले असते.